वडील फुलवाले होते, माळकरी आणि पूर्ण संसारी माणूस. त्यांच्या गंधमुक्तीला मी काय बोलू?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं फुलांचं दुकान होतं, गळ्यात माळ होती, दुकान देऊळ आणि घर याच्यापलीकडे ते कधी गेले नाहीत, आणि आता गंधमुक्तीच्या, म्हणजे मरणानंतरच्या विधीच्या दिवशी तुम्हाला दोन शब्द बोलायला उभं करणार आहेत तर सांगण्यासारखं मोठं काही सापडत नाहीये. तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण माझे सासरे अगदी असेच होते. अमळनेरला त्यांचं फुलांचं दुकान, सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, मी पण नानाच म्हणायची. तुमच्या वडिलांना मी ओळखत नाही, त्यामुळे नानांबद्दलच सांगते, त्यातून तुम्हाला तुमचं काही आठवलं तर बरंच आहे.

माझं माहेर शिरपूरचं. लग्न होऊन आले तेव्हा घरात पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे ओटीवर पसरलेलं ओलं गोणपाट आणि त्याच्यावर झेंडूचा ढीग, आणि त्याच्याभोवती अख्खं घर बसलेलं. सासूबाई, नानांची विधवा बहीण म्हणजे आमच्या अक्का, दोन नणंदा, शेजारच्या एक-दोन बाया, सगळ्यांच्या हातात सुई-दोरा आणि तोंडाने गप्पा चालू. फुलाच्या धंद्यात दुकान फक्त विकायला असतं, खरा धंदा घरात होतो आणि तो बायकांच्या बोटांवर होतो, हे बाहेरच्या लोकांना माहीत नसतं. झेंडू सुईने ओवतात, पण मोगऱ्याच्या गजऱ्याला सुई लावत नाहीत, दोऱ्याला गाठी मारत जायचं, दोन कळ्या इकडे दोन कळ्या तिकडे, गाठ सैल पडली तर गजरा डोक्यात घालेपर्यंत सुटतो आणि घट्ट ओढली तर देठ कापला जातो. आपल्याकडे केळी एवढी, त्यामुळे दोरा संपला तर केळीचं सोपट, म्हणजे खोडाचा पापुद्रा, चिरून त्याचे धागे पाण्यात भिजवून त्यावर पण गजरे बांधायचे, आणि तयार गजरे सोपटातच गुंडाळून ठेवायचे, थंड राहतात.

नाना पहाटे तीन-साडेतीनला उठायचे. अंघोळ, गोपीचंदन, कपाळाला बुक्का, मग सायकलवर स्टँडला. नाशिककडचा माल धुळ्याहून गाडीने यायचा, गुलाब, निशिगंध, अ‍ॅस्टर, हंगाम असला की शेवंती, आणि झेंडू-मोगरा आजूबाजूच्या खेड्यातले शेतकरी आणून द्यायचे. आपल्या खान्देशात हा धंदा करणं म्हणजे उन्हाशी रोजची मारामारी आहे. वैशाखात पारा 44-45 ला जातो, आणि नेमकं त्याच महिन्यात लगीनसराई आणि त्याच महिन्यात आमच्या अमळनेरच्या संत सखाराम महाराजांची यात्रा. वैशाख शुद्ध एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी, बोरी नदीच्या पात्रात सगळी दुकानं-पाळणे, अख्खा जिल्हा लोटतो. फुलाला वर्षातली सगळ्यात जास्त मागणी तेव्हाच आणि फूल सगळ्यात लवकर मरतं ते पण तेव्हाच. पुष्कळ दुकानदार अशा वेळी मालावर भरपूर पाणी मारतात, फूल तासभर ताजं दिसतं, वजन पण वाढतं, पण झेंडूच्या पोटात पाणी राहिलं की दुसऱ्या दिवशी हार कुजतो आणि मोगऱ्यावर पाणी पडलं की कळी तपकिरी होते. नाना पाणी फक्त गोणपाटाला मारायचे, फुलाला नाही. माल कमी ताजा दिसायचा, कमी विकला जायचा, पण लोकांना माहीत होतं की इथला हार दुसऱ्या दिवशी घरात वास मारत नाही.

हे सगळं झालं धंद्याचं. आता भक्तीचं सांगते, कारण तुम्ही वडिलांना "भाविक" म्हणालात आणि तो शब्द तर प्रत्येक श्रद्धांजलीच्या बॅनरवर असतो, त्याच्यात माणूस दिसत नाही.

दुकान नानांचं एकट्याचं नव्हतं, धाकट्या भावासोबत निम्मी भागी होती. रोज पहिला हार विठ्ठलाच्या देवळात जायचा, तुळशीच्या मंजिऱ्या आणि झेंडू, तो नाना स्वतःच्या हातानेच करायचे, बाहेर नवरदेवाच्या गाडीवाला हॉर्न वाजवत उभा असला तरी आधी तो हार. द्वादशीला तुळस तोडत नाहीत म्हणून आदल्या दिवशीच खुडून ओल्या फडक्यात ठेवायचे. पण त्या हाराचे पैसे नाना रोज स्वतःच्या खिशातून काढून गल्ल्यात टाकायचे. फुलाचा जो भाव त्या दिवशी असेल तो. वहीत वेगळं पान होतं, वर लिहिलेलं "नाना - देव". मी हिशोब बघायला लागले तेव्हा मला कळेना की हे काय आहे, स्वतःच्याच दुकानातल्या हाराचे पैसे कोण भरतं. तर म्हणाले, हार मी देवाला वाहतो, पुण्य लागलं तर मला लागेल, मग निम्मे पैसे भावाच्या हिश्श्यातून का जावेत? त्याला वाटेल तेव्हा तो त्याचा हार वाहील. काका बिचारे कितीदा म्हणाले की नाना असं करू नका, लोक मला हसतील, पण नाही म्हणजे नाही. त्याच्याच पुढचं पान होतं "नाना - घर", त्यावर सासूबाईंचा गजरा. रोज एक. ते पण पैसे भरायचे.

मी खूप भाविक माणसं पाहिली, माहेरी पण आणि इथे पण, आणि बाई म्हणून मला एक गोष्ट कायम खटकायची की पुरुषाची भक्ती बहुतेक घरात बायकांच्या अंगावर पडते. उपास यांचा आणि पहाटे चारला उठून साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, वेगळी भांडी, सगळं तिचं. यांचे सप्ताह, यांचे पाहुणे, आणि चुलीपुढे ती. नानांचं तसं नव्हतं. महिन्याच्या दोन्ही एकादश्या, पण आदल्या रात्रीच सांगून टाकायचे की माझं काही करू नका, आणि दुपारी दुकानातून येऊन स्वतः भगर टाकायचे, आणि ती चांगली करायचे हो, आमची मुलं एकादशीची वाट बघायची आजोबांच्या हातची भगर खायला. सखाराम महाराजांच्या वाडी संस्थानच्या दिंडीतले लोक घरी जेवायला असले की नाना सकाळपासून भाजी निवडायला बसायचे. कोणी म्हणालं की नाना तुम्ही कशाला, तर उत्तर न देता निवडत राहायचे.

अक्कांचं तर मला सांगायलाच पाहिजे. अक्का तरुणपणीच विधवा झालेल्या, तेव्हापासून भावाकडेच. बाई दिवसभर मोगऱ्यात बसायची, गावातल्या कितीतरी नवरींच्या डोक्यातल्या वेण्या, डोहाळजेवणाच्या फुलांच्या वाड्या, तिच्या हातच्या, आणि तिच्या स्वतःच्या केसात कधी एक कळी नाही. कोणी मनाई करत होतं असं नाही, पण मनाई असतेच ना, सांगावी लागत नाही. श्रावणात आपल्याकडे कानबाई बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी, तुम्हाला माहीतच असेल, रोट, रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन. आमच्याकडे कानबाईला गजऱ्यांनी पार मढवून काढतात. एका वर्षी सगळं सजवून झालं, घरातल्या सगळ्या बायांनी गजरे माळले, आणि एक उरला तो अक्का उचलून टोपलीत ठेवायला लागल्या. नाना तिथेच बसलेले, त्यांनी तो घेतला आणि अक्कांच्या हातात दिला आणि म्हणाले, "देवले चालस, मंग तुले काब्र नई?" म्हणजे देवाला चालतं, मग तुला का नाही? बस एवढंच. अक्का काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा गजरा अंबाड्यात होता. भजनातल्या एक-दोन म्हाताऱ्या माणसांना ते आवडलं नाही, नानांना बोलले पण, की माळकरी माणसाने असं करावं का. नाना त्यांच्याशी भांडले नाहीत, हरिपाठाला जायचे पण सोडले नाहीत, जाऊन रोजच्या जागेवर बसायचे. आणि "नाना - घर" च्या पानावर दुसऱ्या दिवसापासून एकाच्या जागी दोन गजरे लिहिलेले. अक्का आता ऐंशीच्या पुढे आहेत, अजून माळतात.

मयतीच्या हाराचं पण असंच. फुलवाल्याच्या दारावर रात्री-अपरात्री थाप पडते ती मयतीसाठीच, तुम्हाला हे सांगायची गरज नाही, तुम्ही त्याच घरातले. नाना उठायचे, कोण गेलं ते विचारायचे, दोन मिनिटं शांत बसायचे आणि हार करायला घ्यायचे. माल चांगलाच वापरायचे, मयतीला म्हणून कालचं फूल खपवायचं हा प्रकार आमच्या दुकानात नव्हता. आणि भाव नेहमीपेक्षा कमी सांगायचे. माझे मिस्टर नवीन नवीन दुकानात बसायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं की असं का, उलट रात्रीचे चार पैसे जास्त मिळायला पाहिजेत. नाना म्हणाले, "मरणना घरमा कोनी भाव करस नई, मंग आपुनच कमी सांगाना." लग्नाचा हार घ्यायला येणारा माणूस घासाघीस करतो, चार दुकानं फिरतो, त्याला स्वतःला सांभाळता येतं. मयतीवाला जे सांगाल ते देऊन जातो, म्हणून तिथे दुकानदाराने स्वतःच स्वतःशी घासाघीस करायची. मला विचाराल तर मी ऐकलेल्या सगळ्या कीर्तनांपेक्षा हे वाक्य मला जास्त कामाला आलं, मी शाळेत नोकरी करते, तिथे पण रोज कोणी ना कोणी असा येतो ज्याला भाव करता येत नाही.

वारीचं सांगते. नाना दरवर्षी ज्येष्ठात सखाराम महाराजांच्या पालखीसोबत पायी पंढरपूरला जायचे, पुढे सासूबाईंना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, आणि नानांनी वारी बंद केली. आम्ही सगळे म्हणालो की आम्ही बघतो ना आईंना, तुम्ही जाऊन या, तुमचा इतक्या वर्षांचा नेम आहे. तर म्हणाले, "सावता महाराज कधी गयात पंढरपूरले?" आता हे माळी समाजात लहान पोराला पण माहीत असतं की सावता महाराज अरणला आपल्या मळ्यातच राहिले, पंढरपूरला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्याकडे आला, आणि आजसुद्धा आषाढात सावता महाराजांच्या पुण्यतिथीला पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी अरणला भेटीला जाते, एरवी संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात आणि या संताकडे देव जातो. नानांनी ते भाषणासारखं सांगितलं नाही, एवढं एक वाक्य बोलले आणि आईंचे केस विंचरत बसले. दुपारी कळ्या आल्या की पहिला गजरा आईंचा बांधायचे, मोगरा दुपारी कळी असतो आणि संध्याकाळी उमलतो, तर ओल्या फडक्यात ठेवून सातच्या सुमारास घरी घेऊन यायचे, स्वतः माळून द्यायचे, मग हरिपाठ. आईंना बोलता नीट यायचं नाही पण हरिपाठाला ओठ हलायचे. त्या गेल्या तोपर्यंत हे असंच चाललं. आणि दिंडी निघायची त्या दिवशी नाना रस्त्यावर उभे राहून पालखीला हार घालायचे, पायाला हात लावायचे, आणि परत दुकानात. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी ते जेवायचे नाहीत.

जेवणावरून आठवलं, रात्रीचं जेवण घरातल्या सगळ्यांनी एकत्र हा त्यांचा एकच हट्ट होता. बाकी कशात आग्रह नाही, टीव्ही बघा, उशिरा उठा, पण नऊ वाजता पाट मांडले की सगळे. मी नवीन असताना फुलांचं काम संपल्याशिवाय उठायची नाही, तर नाना ओटीवरून हाक मारायचे, "जेवी ले माय, फुलं वाट दखतीन", म्हणजे जेवून घे, फुलं वाट बघतील. दोन्ही नणंदांना शिकवलं, एक नर्स आहे, एक शिक्षिका, आणि दोघींच्या लग्नात मांडवाचं डेकोरेशन नानांनी स्वतः केलं, कर्ज काढलं नाही, हुंडा दिला नाही, पाहणी-बोलणी करायला आलेल्या एका स्थळाला हुंड्याच्या शब्दावर चहा पाजून वाटेला लावलं होतं हे मला नणंदेनेच सांगितलं.

लॉकडाऊनमध्ये फुलवाल्यांचे काय हाल झाले ते कोणी फारसं लिहिलं नाही. 2020 च्या मार्चमध्ये देवळं बंद, लग्नं बंद, रामनवमी गेली, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया गेली, सखाराम महाराजांची यात्रा गेली. शेतकऱ्यांचा झेंडू शेतात उभा सुकला. आमच्याकडे नेहमी माल आणणारा एक शेतकरी रडत आला होता, नानांनी त्याला जमतील तेवढे पैसे दिले आणि म्हणाले पुढच्या मालात वळते करू, कोणालाच माहीत नव्हतं पुढचा माल कधी. मग नानांनी हातगाडी काढली आणि भाजी विकायला लागले, सत्तरीचा माणूस, तोंडाला रुमाल बांधून. आम्हाला लाज वाटायचं कारण नव्हतं पण काळजी वाटायची. ते म्हणायचे सावता महाराजांनी भाजीच तर पिकवली. त्या वर्षी 16 नोव्हेंबरला पाडव्याच्या दिवशी देवळं उघडली, आणि नाना आदल्या रात्री झोपलेच नाहीत, इतके महिने वहीतलं "नाना - देव" चं पान कोरं होतं. पुढे परत बंद झालं, परत 2021 च्या घटस्थापनेला उघडलं, तोपर्यंत नाना थकले होते, दुकानात बसायचे पण ओवायला बोटं साथ द्यायची नाहीत.

2022 च्या हिवाळ्यात गेले. मंगळवार होता, आणि मंगळवार म्हणजे आमच्या गावात मंगळग्रह मंदिरामुळे बाहेरगावच्या लोकांची सगळ्यात मोठी गर्दी, फुलवाल्यांचा आठवड्याचा मोठा वार. तरी स्टँडपासून देवळापर्यंतच्या फुलवाल्यांनी दुपारपर्यंत दुकानं बंद ठेवली. ज्यांच्याशी नानांची रोजची स्पर्धा होती ते लोक. धंदा करणाऱ्याला विचारा मंगळवार सोडणं म्हणजे काय ते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. नानांच्या गंधमुक्तीला पण भाषणं झाली, एक-दोन पुढाऱ्यांनी "धर्मपरायण", "मनमिळाऊ", "समाजभूषण" असं बरंच काही म्हटलं, नाना त्यात कुठेच नव्हते. मग काका उठले आणि त्यांनी फक्त वहीतली ती दोन पानं वाचून दाखवली, तारीख आणि पैसे, तारीख आणि पैसे, आणि पुढच्या रांगेतल्या बाया पदर डोळ्याला लावायला लागल्या. म्हणून माझं म्हणणं आहे की वडिलांची उधारीची वही, गल्ला, दुकानातला खण, सगळं गंधमुक्तीच्या आधी एकदा नीट बघा. ते पहाटे किती वाजता उठायचे, कुठून माल आणायचे, कोणाला कोणत्या भावाने द्यायचे, कोणाकडून पैसेच घ्यायचे नाहीत, उपासाच्या दिवशी घरात काय व्हायचं, हे लिहून काढा. त्यांची भक्ती चालावी म्हणून घरात कोणाला काय सोसावं लागलं किंवा लागलं नाही, हे आईला विचारा, तिच्याइतकं ते कोणालाच माहीत नसतं, आणि ती जे सांगेल ते तसंच बोला, कडू असलं तर कडू सकट. "मोठं काही केलं नाही" असं तुम्ही लिहिलंय ते मला पटलं नाही, एवढी वर्षं रोज पहाटे उठून लोकांच्या देवाचं, लग्नाचं, मरणाचं बघितलं त्या माणसाने, त्यापेक्षा मोठं गावात किती जणांनी केलंय?

अजून एक, फुलबाजारातल्या त्यांच्या बरोबरीच्या एखाद्या माणसाला बोलायला सांगा, पुढाऱ्याच्या आधी. पण ते लोक सकाळी माल उतरवण्यात असतात, दहाच्या आत त्यांना येता येत नाही, म्हणून कार्यक्रमाची वेळ साडेदहा-अकराची ठेवा आणि आजच त्यांना फोन करून ठेवा. आणि घरात जी बाई इतकी वर्षं हार ओवत आली तिला मागे बसवू नका, तिला बोलायचं असेल तर पहिला माईक तिला द्या.